होपवेल कोळसा खाण: लहान खाण, जुना हक्क

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायरच्या फॉरेस्ट ऑफ डीन या जंगलात, कोलफर्ड आणि सिंडरफर्ड या गावांच्या दरम्यान, होपवेल ही एका कुटुंबाने सांभाळलेली भूमिगत कोळसा खाण प्रेक्षकांसाठी खुली आहे. हेल्मेट व कॅप लॅम्प चढवून वाटाड्यामागोमाग उतरत्या बोगद्यातून पायीच खाली जायचे असते. चंद्रपूर-वणी भागातील इन्क्लाइन (उतरत्या बोगद्याने आत जाणाऱ्या कोळसा खाणी) पाहिलेल्यांना ही खाण अगदीच चिमुकली वाटेल.

मात्र येथे पाहण्यासारखा खरा ऐवज आहे तो हक्काचा इतिहास. सेंट ब्रेव्हल्स हंड्रेड या प्राचीन विभागात जन्मलेल्या, तेथेच राहणाऱ्या, वयाची 21 वर्षे पूर्ण केलेल्या आणि खाणीत एक वर्ष व एक दिवस काम केलेल्या पुरुषाला ‘फ्रीमायनर’ म्हणून नोंद करून घेता येते, ही जुनी वहिवाट 1838 च्या कायद्याने लेखी झाली. फ्रीमायनरला खोदकामासाठी मिळणाऱ्या क्षेत्रास ‘गेल’ म्हणतात; ती देण्याचे काम राजसत्तेच्या वतीने गॅव्हेलर हा अधिकारी, प्रत्यक्षात त्याचा उपाधिकारी, पाहतो आणि निघालेल्या कोळशावर स्वामित्वधन आकारले जाते. ब्रिटनमधील खाणी सरकारजमा करणाऱ्या 1946 च्या कायद्यातूनही हा हक्क वगळण्यात आला. येथील शेवटची मोठी सरकारी खाण 1965 मध्ये बंद पडल्यावरही दोन-चार माणसांच्या घरगुती खाणी टिकल्या, त्या याच सवलतीमुळे. आपल्याकडे 1973 च्या राष्ट्रीयीकरणात अशा घरगुती खाणींसाठी अपवाद झाला असता, याची कल्पनाही करवत नाही. स्त्रीची फ्रीमायनर म्हणून नोंद होण्यास मात्र 2010 साल उजाडावे लागले, आणि हल्ली बहुतेक बाळंतपणे हंड्रेडच्या हद्दीबाहेरील रुग्णालयांत होत असल्याने जन्माची अट पुरी करणारेच कमी होत चालले आहेत.

हे सारे लाकडी टेकूंनी तोललेल्या छताखाली उभे राहून ऐकताना कायद्यातील कलमांना वजन येते, म्हणून ही फेरी मला पैसे वसूल करणारी वाटली. जमीन ओली, चढ-उतार बराच आणि काही ठिकाणी वाकून चालावे लागते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी विचार करून जावे. ज्यांना पिंजऱ्यातून (खाणीच्या लिफ्टमधून) 90 मीटर खाली उतरण्याचा अनुभव आणि मोठी यंत्रसामग्री हवी आहे, त्यांच्यासाठी वेल्समधील बिग पिट हे राष्ट्रीय संग्रहालय अधिक योग्य ठरेल. दोन्ही पाहणे शक्य असेल तर होपवेल आधी पाहावी.