स्ट्रोकनंतर मुलाचे जीवनमान मोजायचे तर कोणती प्रश्नावली?

स्ट्रोकमधून सावरलेल्या मुलाच्या फाइलमध्ये पीएसओएमचा (स्ट्रोकनंतर मुलात उरलेली हानी मोजणाऱ्या तपासणीचा) आकडा दिसला की जीवनमानही मोजून झाले असे धरले जाते. ती गल्लत आहे. पीएसओएम डॉक्टर तपासून भरतात: उजवी बाजू, डावी बाजू, बोलणे, समजणे, आणि आकलन व वर्तन मिळून एक, असे पाच विभाग. प्रत्येकी 0, 0.5, 1 किंवा 2, एकूण 0 ते 10. आकडा जितका मोठा तितकी हानी जास्त. हातात किती जोर उरला ते यातून कळते, पण वर्गातली मुले त्याला खेळायला घेतात का, हे कळत नाही. त्यासाठी पेड्सक्यूएल किंवा किडस्क्रीन यांपैकी एखादी जीवनमानाची प्रश्नावली लागते.

पहिली चाळणी वयाची. किडस्क्रीन 8 ते 18 वर्षांसाठीच आहे. पेड्सक्यूएलचा पालकांचा फॉर्म 2 वर्षांपासून आणि मुलाचा 5 पासून चालतो. 5 ते 7 वयात प्रश्न वाचून दाखवायचे आणि मुलाने चेहऱ्याच्या चित्रावर बोट ठेवायचे. गोमेकॉसारख्या (गोवा मेडिकल कॉलेज) ठिकाणी सर्व वयांची मुले येतात, म्हणून आमचा कल पेड्सक्यूएलकडे.

5 वर्षांपासून पुढे तिचे 23 प्रश्न आहेत: शारीरिक 8, भावनिक, सामाजिक व शालेय प्रत्येकी 5. उत्तरे 0 ते 4 अशी येतात, ती उलटवून 100, 75, 50, 25, 0 करायची आणि सरासरी काढायची. एखाद्या विभागातले निम्म्याहून जास्त प्रश्न रिकामे असतील तर त्याचा आकडा काढू नये. एकूण आकड्यावर थांबणे मात्र धोक्याचे. एका मुलाचे शारीरिक 37.5 आणि उरलेल्या 15 प्रश्नांचे 80, दुसऱ्याचे 87.5 आणि 53.3, दोघांचेही एकूण 65.2 येते. पहिल्याला फिजिओथेरपी हवी, दुसऱ्याच्या शाळेत जाऊन बोलायला हवे.

किडस्क्रीन-27, म्हणजे किडस्क्रीनची 27 प्रश्नांची आवृत्ती, कधी घ्यावी? मूल मोठे असेल आणि घरचे त्याला मोकळीक देतात का, हे जाणून घ्यायचे असेल तेव्हा. स्ट्रोकनंतर अतिजपणूक अनेकदा होते, आणि या प्रश्नावलीचा एक विभाग नेमका पालकांशी नाते व स्वायत्ततेवर आहे. तिचा टी-स्कोर, म्हणजे इतर मुलांच्या सरासरीशी तुलना करणारा आकडा, सरासरी 50 धरून निघतो. ती सरासरी युरोपातल्या मुलांची, हे अहवालात लिहावे.

तारीखही बघावी. पेड्सक्यूएल मागचा महिना विचारते, किडस्क्रीन मागचा आठवडा. मे महिन्याच्या सुट्टीत शालेय प्रश्न पोकळ ठरतात. गणेश चवथीच्या आठवड्यात किडस्क्रीनची उत्तरे घरातल्या गोतावळ्याने फुगतात.

भाषेचा घोळ वेगळाच. मूल घरी कोंकणी बोलते, शाळेत मराठी वाचते. समोर बसून तोंडी भाषांतर केले तर दर वेळी प्रश्न बदलतो. पेड्सक्यूएल वितरित करणाऱ्या मापी रिसर्च ट्रस्टकडून तिची मान्य आवृत्ती परवानगीसह आधी मागवावी. पीएसओएममध्ये समजण्याला 1 किंवा 2 असेल तर मुलाच्या फॉर्मवर विसंबू नये.

एरवी मुलाचा आणि पालकांचा असे दोन्ही फॉर्म वेगवेगळे, शक्यतो वेगळ्या खोलीत भरून घ्यावेत. पुढच्या भेटीत पालकांचा फॉर्म त्याच माणसाने भरावा; गेल्या वेळी आई आणि यंदा आजी असेल तर 4-5 गुणांचा फरक सुधारणा म्हणून नोंदवू नये.