पाडव्याला घेतलेलं फर्निचर, चौदा महिन्यांनंतर

२०२४ च्या गुढीपाडव्याला, ९ एप्रिलला, आम्ही छत्रपती संभाजीनगरच्या एका मोठ्या शोरूममधून घरभराचं फर्निचर घेतलं. देशभर शाखा असलेलं दुकान आहे. नाव लिहीत नाही, कारण मला कुणाची बदनामी करायची नाही. माझ्यासारखं परभणी, हिंगोली, बीडकडून पाडव्या-दसऱ्याला गाडी करून संभाजीनगरला खरेदीला जाणाऱ्यांनी पैसे मोजण्याआधी हे वाचावं, एवढ्यासाठी लिहिते आहे. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते. म्हणून मुद्दाम थांबले. हे लिहिताना जून २०२५ आहे, दोन उन्हाळे आणि एक पावसाळा या वस्तूंनी माझ्या घरात काढला आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. परभणीत स्वतःचं घर बांधलं तेव्हा जुन्या घरातून फक्त लग्नातलं लोखंडी कपाट आणि सासूबाईंची नवारीची बाज आणली. बाकी सगळं नवं घ्यायचं ठरवलं. तीन दारांचं कपाट २६,९९० रुपये, आतून सामान ठेवायचा हायड्रॉलिक पलंग ३१,५००, एल आकाराचा सोफा ४४,९९०, गादी ११,५००, पडदे ३,९२० आणि परभणीला पोचवण्याचे २,५००. एकूण १,२१,४०० रुपये. घराच्या कर्जाचा हप्ता चालू असताना ही रक्कम आमच्यासाठी लहान नव्हती.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरं आहे. गादी उत्तम निघाली. सासूबाईंची पाठ दुखायची, ती कमी झाली. पडदे आठ-दहा वेळा धुतले, आमच्या बोअरच्या क्षारी पाण्यातही रंग गेला नाही. शोरूममधली मुलं नम्र होती. सासूबाईंना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

माल आला २७ एप्रिलला. आदल्या दिवशी, २६ ला, आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं आणि माझी केंद्रावर ड्यूटी होती. रात्री उशिरा घरी आले, सकाळी नऊला टेम्पो दारात. दोन पोरांनी चार तासांत सगळं जोडलं. ‘माल सुस्थितीत मिळाला’ असं छापलेल्या कागदावर मी उभ्या उभ्या सही केली. कपाटाच्या मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यावरची पट्टी निघालेली होती, ते मला आठ दिवसांनी झाडताना दिसलं. फोन केला तर तिकडून उत्तर आलं, ‘मॅडम, तुमची सही आहे.’

कपाटाचं सगळं दुखणं त्याच कोपऱ्यातून सुरू झालं.

बिलावर कपाटापुढे ‘इंजिनिअर्ड वूड’ लिहिलं आहे. विकणाऱ्या मुलाला मी विचारलं होतं, हे प्लायवूड आहे का? तो म्हणाला, ‘त्याहून भारी, मॅडम.’ प्रत्यक्षात ते पार्टिकल बोर्ड आहे. लाकडाचा चुरा आणि बारीक ढलप्या डिंकासारख्या रसायनात कालवून, तापवून, दाबून केलेली फळी. तिच्या दोन्ही अंगांना चकचकीत लॅमिनेट असतं आणि चारी कडांना पट्टी चिकटवलेली असते. ही पट्टी शाबूत आहे तोवर फळी शाबूत. पट्टी सुटली, किंवा स्क्रूच्या भोकातून ओल आत गेली, की चुरा पाणी पितो आणि फुगतो. आणि वाळल्यावर पूर्वीच्या आकारात परत येत नाही.

आता आमच्याकडची राहणी बघा. मार्चपासून जूनपर्यंत घरोघरी वाळ्याचे नाहीतर गवताचे कूलर चालतात. बाहेर ४२-४३ अंश, हवा कोरडी ठणठणीत, आणि खोलीत कूलर रात्रभर ओला वारा फेकतो. त्यावर रोज फरशी पाण्यानं पुसायची. कपाटाला पाय नव्हते, तळाची फळी सरळ फरशीवर टेकलेली. पावसाळा सुरू होईपर्यंत खालचा कोपरा बोटभर जाड झाला होता. मग पोळ्याच्या वेळेला, १ आणि २ सप्टेंबरला, परभणी-हिंगोली भागात जो पाऊस कोसळला तो आठवत असेल. आमच्या घरात पाणी शिरलं नाही, पण आठ-दहा दिवस भिंतींना ओल होती. त्या आठवड्यात कपाटाचं मधलं दार बिजागरीसकट हातात आलं.

गल्लीतल्या सुतारमामांना बोलावलं. त्यांनी स्क्रूच्या भोकात बोट घातलं आणि आतला भुसा तळहातावर काढून दाखवला. ‘ताई, ह्याला आता स्क्रू धरत नाही. आतून समदा भुसा हाय. पाणी लागलं की भाकरीवानी फुगतंय.’

मला राग बोर्डाचा आला नाही. पार्टिकल बोर्ड ही वाईट वस्तू नाही. कोरड्या जागी, पायांवर उचललेल्या टेबलाला ते चालतं, स्वस्तही पडतं. पण ज्या दुकानाचा माल एप्रिलच्या उन्हाळ्यात मराठवाड्यात जातो, त्या दुकानानं ‘कूलर चालतो का, फरशी ओली पुसता का’ हे दोन प्रश्न विचारायला हवे होते. आणि प्लायवूड आहे का म्हटल्यावर ‘नाही’ एवढं सांगायला हवं होतं. मी ऐपतीप्रमाणे ठरवलं असतं.

६ सप्टेंबरला पहिली तक्रार नोंदवली. एक वर्षाची वॉरंटी होती, पाच महिनेही झाले नव्हते. इथून पुढचं लिहिताना अजून माझा हात जड होतो.

दुकानात विचारलं तर ते म्हणाले, तक्रारी टोल फ्री नंबरवर करा. टोल फ्रीवर प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी सगळी कथा पहिल्यापासून, तीही हिंदीत. ‘आपका पिनकोड सर्व्हिस एरिया में नहीं है.’ मी म्हटलं, माल पोचवायचे अडीच हजार घेतले तेव्हा हाच पिनकोड होता. त्यावर उत्तर नाही. तिसऱ्या फोनला कळलं की परभणीकडे कारागीर महिन्यातून एकदा फेरी मारतो. ठीक, मी थांबले. २१ सप्टेंबरला संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला: ‘ग्राहक घरी उपलब्ध नसल्याने भेट रद्द. आपली तक्रार बंद करण्यात आली आहे.’

त्या दिवशी सासूबाई घरीच होत्या. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत, त्या अंगणापलीकडे जात नाहीत. मी शाळेत जाताना सांगून गेले होते, माणूस येईल, दार उघडं ठेवा. त्यांनी दुपारची झोपही घेतली नव्हती. मी संदेश वाचून दाखवला तर म्हणाल्या, ‘मी कुठं गेले होते गं? दिवसभर दाराकडं तोंड करून बसले होते.’ सत्तरी ओलांडलेल्या बाईला आपण खोटं पडलो असं वाटावं, याचं मला जेवढं लागलं तेवढं २६ हजारांचं लागलं नाही.

डिसेंबरपर्यंत अशा नऊ तक्रारी झाल्या. सगळ्यांचे नंबर वहीत तारखेसह लिहिले आहेत. सहा ‘बंद’ झाल्या, त्यातल्या चार कुणीही न येता. एकदा कारागीर खरंच आला. भला माणूस होता. फोटो काढले आणि म्हणाला, ‘मॅडम, मी लिहून देतो, पण वरचे पाणी लागलं म्हणून नाकारतील.’ तसंच झालं.

पलंगाची गोष्ट धोक्याची आहे, ती लहान लेकरं असणाऱ्यांनी नीट वाचा. हायड्रॉलिक पलंगाची वरची फळी गॅस भरलेल्या दोन दांड्यांवर उचलली जाते. गादीच्या वजनाला पुरेल एवढा दाब त्या दांड्यांत असावा लागतो. ऑक्टोबरमध्ये एका दांडीतला दाब गेला. दिवाळीची रजई काढायला माझी मुलगी आत वाकली आणि फळी गादीसकट खाली आली. ह्यांनी मधे हात घातला म्हणून निभावलं, त्यांच्या मनगटाला महिनाभर पट्टा होता. हे सगळं फोनवर सांगितल्यावर कंपनीनं नवी दांडी कुरिअरनं पाठवली. बसवायला माणूस नाही. ती सुतारमामांनी बसवली, पैसे घेतले नाहीत. आजही आम्ही फळी उचलली की आधी लाकडी टेकू लावतो आणि मगच आत हात घालतो.

सोफा. दिसायला अजून सुंदर आहे. पण सहाव्या-सातव्या महिन्यातच बसायच्या जागी खड्डे पडले. सासूबाईंना त्यातून उठायला दोघांचा आधार लागायचा. बिलावर ‘हाय डेन्सिटी फोम’ असं लिहिलं आहे, आकडा नाही. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, हे मी दरवर्षी मुलांना शिकवते. एका सुटीत सोफ्याच्या गादीची चेन उघडली, फोमचा तुकडा काढला. लांबी ६१ सेंटिमीटर, रुंदी ६१, जाडी १२.७. किराणा दुकानाच्या काट्यावर वजन भरलं १ किलो ११० ग्रॅम. हिशेब केला तर एका घनमीटरला साडेतेवीस किलोच्या आसपास येतं. कुशनवाल्यांच्या भाषेत ही ‘तेवीसची डेन्सिटी’. रोज बसायच्या सोफ्याला ते किमान ३२ ची आणि शक्यतो ४० ची घालायला सांगतात. त्याच मापाचा ४० चा तुकडा पावणेदोन किलोच्या वर भरायला हवा होता. हा प्रयोग कुणालाही घरी करता येतो. शोरूममध्ये मात्र हाताला तो फोम भक्कम लागतो, कारण त्यावर वर्षभर कुणी बसलेलं नसतं.

नोव्हेंबरमध्ये १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. मराठीत बोलता आलं, तक्रारीचा नंबर मिळाला. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. उत्तर आलं: पाच हजारांचं व्हाउचर, त्याच दुकानात वापरायचं. मी नाकारलं.

दुकानातल्या मॅनेजरनं एकदा सांगितलं होतं की बिलावर छापलंय तसं केस करायची तर कंपनीचं मुख्य कार्यालय आहे त्या शहरात करावी लागेल. तेवढ्यानं मी दोन महिने गप्प बसले, आणि याचं मला आज वाईट वाटतं. ते खरं नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

२ जानेवारीला मी स्वतः मराठीत नोटीस लिहिली. बिल, वॉरंटी कार्ड, नऊ तक्रारींचे नंबर, ‘ग्राहक घरी नाही’चा संदेश, फुगलेल्या कोपऱ्याचे तारखेसह फोटो, सुतारमामांचं लेखी म्हणणं, फोमच्या वजनाचा हिशेब, सगळं जोडलं. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर परभणीच्या जिल्हा आयोगात जाईन असं लिहून दुकानाला आणि मुख्य कार्यालयाला पोचपावतीच्या टपालानं पाठवली. भोगीच्या दिवशी, १३ जानेवारीला, पहिल्यांदा तिकडून आपणहून फोन आला आणि पहिल्यांदा मराठीत आला. आधी निम्मी रक्कम म्हणाले, मग वापराची घट वजा करून, मग पुन्हा व्हाउचर. मी कपाटाच्या पूर्ण किमतीवर अडून राहिले. २९ जानेवारीला २६,९९० रुपये बँकेत जमा झाले. कपाट न्यायला अजून कुणी आलेलं नाही, ते गच्चीवरच्या खोलीत पडून आहे.

त्या पैशात थोडी भर घालून सुतारमामांकडून प्लायवूडचं कपाट करून घेतलं. फळीवर आयएस ३०३ या भारतीय मानकाचा शिक्का आणि त्यात बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणीही सोसणारी प्रत, हे दोन्ही बघूनच माल उचलला. नुसता एमआर, म्हणजे हवेतला दमटपणा सोसणाऱ्या प्रतीचा, शिक्का असेल तर तो पाण्याला टिकणारा समजू नका. बाथरूमच्या भिंतीला लागून काही करायचं असेल तर सुतार आयएस ७१० चा माल, म्हणजे मरीन प्लायवूड, घ्यायला सांगतात, तो महाग पडतो. कपाटाखाली चार इंचांचे प्लास्टिकचे पाय लावलेत. हा उन्हाळा कूलरसमोर गेला, दारं अजून एका रेषेत मिटतात.

तुम्ही कुठूनही घ्या, पण बिलावर ‘इंजिनिअर्ड वूड’ लिहू देऊ नका. प्लायवूड, एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंची दाबलेली फळी) की पार्टिकल बोर्ड, हे नाव लिहून मागा. फोमचा आकडा लिहून मागा. तुमच्या पिनकोडला कारागीर किती दिवसांत येईल, तेही. लिहून देत नसतील तर त्याचा अर्थ तुम्हाला काउंटरवरच कळेल. आणि माल उतरल्यावर मागची बाजू, तळ, सगळ्या कडा बघितल्याशिवाय सही करू नका, टेम्पोवाला कितीही घाई करो. दिवस थकल्याचा असेल तर माल दुसऱ्या दिवशी मागवा. मी तसं केलं असतं तर तो सुटलेला कोपरा त्याच दिवशी परत गेला असता.

सोफ्यासाठी त्यांनी शेवटपर्यंत नकार दिला. फोम वॉरंटीत येत नाही म्हणतात. वॉरंटी कार्डावर ते वाक्य आहे, पण ते कार्ड मला पैसे भरल्यानंतर दिलं होतं. मार्चमध्ये बसायच्या जागांना ४० चा फोम स्थानिक कुशनवाल्याकडून भरून घेतला, साडेनऊ हजार लागले. सासूबाई आता एकट्या उठतात. ते साडेनऊ हजार मात्र मी सोडलेले नाहीत. उन्हाळ्याची सुटी संपायच्या आत आयोगात द्यायचा अर्ज लिहून झाला आहे, आणि काढलेला जुना फोम पोत्यात बांधून, वर तारीख टाकून ठेवला आहे.