बेळगावच्या टिळकवाडीतला मुलांचा सुतारकाम वर्ग: लेकीने स्वतः केलेला पाट

मुलगी पाचवीत आहे. गेल्या वर्षी शहरातल्याच एका क्लासला घातलं होतं. तिथं आयते कापून आलेले तुकडे फेविकॉलनं चिकटवायचे, एवढंच. तिनं आणलेलं चिमणीचं घर पहिल्याच वळवात उकललं. पैशापेक्षा तिचं उतरलेलं तोंड मला जास्त लागलं.

यंदा एप्रिलमध्ये काँग्रेस विहिरीजवळच्या एका मेस्त्रींकडे पाठवलं. पंधरा दिवस, रोज दोन तास, दहा मुलं. निम्मी कानडी बोलणारी, त्यामुळे करवतीला गरगस आणि लाकूड कोरायच्या पटाशीला उळी हेही पोरगी शिकून आली.

पहिले दोन दिवस नुसत्या रेघा. काटकोनाचा गुण्या लावून रेघ मारायची आणि करवत रेघेवर नाही, टाकाऊ बाजूला चालवायची, कारण करवत स्वतःच्या जाडीएवढं लाकूड खाते. हे मला चाळिशीत लेकीकडून कळलं! लाकडाच्या रेषांच्या उलट रंधा मारला की लाकूड उचकटतं, हे मेस्त्री सांगत नाहीत, एकदा उचकटू देतात. पटाशीला मात्र फार कडक. दोन्ही हात धारेच्या मागे, आणि धार रोज लावलेली. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, मग ती निसटते.

वर्ग सुटेपर्यंत मी विहिरीपाशी बसायचे. ही विहीर १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली, अध्यक्ष गांधीजी. पुढे १९३७ ला त्यांनीच वर्ध्यात हस्तोद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला. आणि आमच्या मुलांचा कार्यानुभव म्हणजे थर्माकोल. जीव तुटतो.

दोन गोष्टी सुधारायला हव्यात. हातोड्या मोठ्या माणसांच्या आहेत, लहान मनगटं दुखतात. लाकूड आवळून धरायचा शिकंजा एकच, त्यामुळे मुलं ताटकळतात.

तिनं पाट केला. तो डगमगत होता. मेस्त्रींनी हात लावला नाही. काचेवर ठेवायला सांगितला आणि कोपऱ्यांखाली कागद सरकवून बघ म्हणाले. ज्या दोन कोपऱ्यांखाली कागद जाईना, तेच तिनं कानशीनं घासले. तिसऱ्या खेपेला पाट बसला.

सासऱ्यांनी वडगावात आयुष्यभर हातमागावर साड्या विणल्या. आडवं सूत नेणाऱ्या लाकडी धोट्याला कुसळ राहिलं तर सूत तुटतं, म्हणून धोटा ते स्वतः घासायचे. त्यांनी पाटाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हितं अजून एकदा पॉलिश पेपर मार बघू, बाळ." ती लगेच खाली बसली.