घरच्या शेडमधील दोन खांबी लिफ्ट : छोट्या ट्रकच्या दुरुस्तीसाठी काही महिने वापरल्यानंतर

घरच्या शेडमध्ये साडेचार टन क्षमतेची दोन खांबी लिफ्ट बसवून तिच्यावर छोट्या मालवाहू ट्रकची आणि पिकअपची कामे करू लागल्याला आता बरेच महिने झाले आहेत. अशी लिफ्ट विकत घेताना लक्ष साहजिकच मोटरच्या ताकदीकडे आणि खांबांच्या जाडीकडे जाते. वापरानंतर मात्र माझे मत असे झाले आहे की निम्मा निकाल काँक्रीटवर लागतो आणि उरलेल्यातला बराचसा बाहू (खांबांवरून गाडीखाली येऊन तिला उचलणारे हात) चासीला नेमके कुठे टेकवले यावर.

जमिनीपासून सुरुवात करतो. बाहू खांबाच्या आतल्या बाजूला पसरलेले असल्यामुळे गाडीचे सगळे वजन खांबाला आत ओढत असते आणि पायाच्या पट्टीच्या बाहेरच्या कडेचे अँकर बोल्ट (खांब काँक्रीटला जखडणारे बोल्ट) जमिनीतून उपटले जाण्याच्या दिशेने ताणले जातात. म्हणूनच या वर्गातील लिफ्टसाठी उत्पादक साधारणपणे किमान चार ते साडेचार इंच जाडीचे आणि प्रति चौरस इंच ३००० पौंड दाब सोसणारे काँक्रीट मागतात. वर बसवलेल्या फरशीची किंवा कोब्याची जाडी त्यात धरायची नसते. शेडमधील जुनी जमीन पातळ असल्याने मी ती फोडून दोन्ही खांबांखाली सलग, सळई घातलेला आणि मागणीपेक्षा जाड स्लॅब ओतून घेतला आणि काँक्रीटचे २८ दिवस पूर्ण होईपर्यंत एकही भोक पाडू दिले नाही. भोके पाडल्यावर आतली भुकटी हवेने पूर्ण उडवून टाकणे आणि बोल्ट माहितीपुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच आवळणे, ही दोन कामे कंटाळवाणी असली तरी बोल्टची पकड त्यांच्यावरच अवलंबून असते. खांब ओळंब्यात आणण्यासाठी पायाखाली पोलादी पातळ पट्ट्या घालाव्या लागल्या. पहिल्या काही आठवड्यांच्या वापरानंतर बोल्ट पुन्हा तपासले, तेव्हा काही किंचित सैल झालेले आढळले. नव्या बसवणीत तसे होणे अपेक्षितच असते. ज्या इमारतीत आत ताण दिलेल्या पोलादी तारा असलेला स्लॅब असेल तिथे मात्र अभियंत्याला विचारल्याशिवाय ड्रिल लावूच नये.

उंचीचा हिशोब सोपा आहे. गाडीखाली उभे राहण्यासाठी सुमारे १.८ मीटर लागतात, त्यात गाडीची स्वतःची उंची मिळवायची आणि वर थोडी मोकळी जागा ठेवायची. उंच टप असलेल्या ट्रकला माझ्या शेडमध्ये पूर्ण वर नेता येत नाही. वरच्या आडव्या तुळईखालचा दांडा टपाला टेकताच मोटर बंद पडते आणि मग थोडे वाकून काम करावे लागते.

वजनाच्या बाबतीत एकूण क्षमतेपेक्षा एका बाहूची क्षमता महत्त्वाची आहे. साडेचार टनांच्या लिफ्टचा प्रत्येक बाहू साधारण १,१२५ किलो पेलतो. रिकाम्या पिकअपचे वजन इंजिनाकडे झुकलेले असते. तीन टनांच्या गाडीचे साठ टक्के वजन पुढे आले तर पुढच्या दोन बाहूंवर प्रत्येकी ९०० किलो येतात, म्हणजे कागदावर दीड टनाची सवलत दिसत असली तरी प्रत्यक्षात ती फारशी उरत नाही. हौदात माल, अवजारे किंवा जादा टायर असतील तर ते आधी उतरवून घ्यावेत. आणखी एक गोष्ट खरेदीच्या वेळीच पाहावी. ट्रकची चासी दाराखालच्या चढायच्या पायरीपेक्षा बरीच वर असते, त्यामुळे बाहूवर बसवायचे उंची वाढवणारे तुकडे नसतील तर चासीला पोहोचण्याआधीच बाहू पायरीला लागतो. चासीचा टेकण्याचा भाग ऑइलने माखलेला असेल तर तो पुसूनच रबरी गादी लावतो. चाके जमिनीपासून थोडी उचलली की थांबून, गाडीला हाताने हलवून पाहून आणि बाहूंना बाजूला फिरू न देणारे दाते नीट अडकल्याची खात्री करूनच पुढे वर नेतो. यात कधीही सवलत घेत नाही.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. क्लच प्लेट बदलणे, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) काढणे, गंजलेल्या ब्रेक नळ्या नव्याने टाकणे ही कामे उभ्याने होतात आणि छातीवर गिअरबॉक्स तोलण्याचा प्रकार संपला. उंच खांबाचा गिअरबॉक्स जॅक मात्र वेगळा घ्यावा लागला. पाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) कामात एक मर्यादा आहे. दोन खांबी लिफ्टवर चाके लोंबकळत असतात, त्यामुळे पाट्यांच्या रबरी बुशचे बोल्ट तिथेच शेवटचे आवळले तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. म्हणून ते बोल्ट वर हाताने बसवून घेतो आणि गाडी चाकांवर उतरल्यावरच पूर्ण आवळतो. बॉनेटखालच्या कामासाठी तर लिफ्टचा उपयोग जवळपास शून्य आहे.

सर्वांत जास्त विचार करायला लावणारे काम म्हणजे जड भाग काढणे. मागचा अ‍ॅक्सल उतरवला की गाडीचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि आधी समतोल असलेली गाडी नाकाकडे कलंडू शकते. अशा वेळी, आणि लांब पाइप लावून घट्ट नट सोडवतानाही, मी चासीखाली उंच घोड्या (उभे टेकू) लावतो. त्या वजन पेलण्यासाठी नसून गाडीला डोलू न देण्यासाठी असतात.

हायड्रॉलिक दाबावर गाडी सोडून तिच्याखाली जायचे नाही, तर ती आधी दोन्ही खांबांच्या यांत्रिक खिटीवर (बाहू खाली येऊ न देणाऱ्या अडसरावर) बसवायची, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. त्याचा एक परिणाम मात्र फारसा कुणी सांगत नाही : खिटी सोडवण्यासाठी गाडी आधी किंचित वर उचलावी लागते, त्यामुळे वीज गेली तर गाडी तिथेच अडकून राहते. तातडीने लागणारी गाडी चढवताना हे लक्षात ठेवावे. मोटरसाठी स्वतंत्र जाड वायर आणि स्वतंत्र स्विच घेतला आहे, कारण बारीक आणि लांब जोडवायरमुळे विजेचा दाब कमी होतो, मोटर घरघरते, तापते आणि वजन उचलत नाही.

देखभाल थोडी आहे. सुरुवातीला सिलिंडरमध्ये हवा असल्याने हालचाल झटक्याझटक्याने होत होती. लिफ्ट रिकामीच अनेकदा वरखाली केल्यावर ती गेली. दोन्ही बाजू समपातळीत ठेवणारे पोलादी दोर नवे असताना थोडे ताणले जातात, त्यामुळे एका खांबाची खिटी दुसऱ्याच्या आधी वाजू लागली की त्यांचे नट आवळून पातळी जुळवतो. दोराची एखादी तार तुटलेली दिसली तर दोर बदलायचा, तात्पुरता इलाज करायचा नाही. खांबातील सरकपट्ट्यांना ग्रीस लावणे आणि टाकीतील ऑइलची पातळी पाहणे एवढेच उरते.

ज्यांचे काम मुख्यतः ऑइल बदलणे आणि एकावर एक गाडी ठेवून जागा वाचवणे एवढेच असेल, त्यांनी चार खांबी लिफ्ट घ्यावी. तिच्यावर गाडी चाकांवरच उभी राहते आणि जमिनीकडून मागणीही तुलनेने कमी असते. चाके, ब्रेक, पाटे आणि गिअरबॉक्स हाताळणाऱ्यांसाठी मात्र दोन खांबीच योग्य आहे. भरलेल्या मोठ्या ट्रकसाठी या दोन्हींचा विचार करू नये, त्यांच्यासाठी प्रत्येक चाकाला धरून उचलणारे सुटे जड खांब वेगळे मिळतात आणि घरच्या शेडमध्ये ते सहसा मावत नाहीत.