ठोंब्याचा विमा आणि ठोंब्याची आरडी: मालवणात फ्रेंच बुलडॉग दीड वर्ष सांभाळल्यावर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. कोकणात फ्रेंच बुलडॉग पाळायचा असेल तर विमा जरूर घ्या, पण तो पोटात काही अडकलं, हाड मोडलं, साप चावला अशा अचानक येणाऱ्या मोठ्या खर्चासाठी. नाक, श्वास, डोळे, कातडी, पाठ ही या जातीची जन्माची दुखणी. त्यांचे पैसे आपल्यालाच घालावे लागतात आणि त्यासाठी वेगळी आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकायची ठेव, हवी. दोन्हींतलं एकच परवडत असेल तर आरडी. मी पतसंस्थेत नोकरीला आहे, म्हणून ही जाहिरात वाटेल. कुठल्याही बँकेत काढा, माझं काही म्हणणं नाही.

ठोंब्या आमच्याकडे आला तो भाच्यामुळे. त्याने मुंबईत लाखाच्या घरात पैसे मोजून हौसेने घेतला, मग परदेशात नोकरी लागली. चपट्या नाकाचे कुत्रे सामानाच्या कक्षातून न्यायला बऱ्याच विमान कंपन्या तयार नसतात, कारण वाटेत श्वास कोंडून मरण्याचा धोका असतो. मग "मावशी, तूच सांभाळ". तेव्हा हे ध्यान सव्वा वर्षाचं होतं. शेजारच्या तात्यांनी त्याला पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाले, "बाय गे, ह्येच्या पैशात म्हस इली असती, दूध तरी गावला असता." तात्यांचं गणित चुकीचं नव्हतं.

पॉलिसी घेतली ती शस्त्रक्रिया आणि दवाखान्यात दाखल होण्यासाठी, वर्षाला पन्नास हजारांची. त्यात कुत्र्याने कुणाला इजा केली तर त्याची भरपाईही आली. मालवणात पर्यटक विचारल्याशिवाय कुत्र्याच्या तोंडाला तोंड लावून फोटो काढतात, त्यामुळे ते कलम मला आवडलं. मृत्यू आणि चोरीचं कलम घेतलं नाही. त्यासाठी कुत्र्याची किंमत सिद्ध करावी लागते, केनेल क्लबचे कागद लागतात, आणि ते भाच्याकडे नव्हतेच. साधी तपासणी आणि औषधं यांचं कलम वेगळे पैसे भरून मिळत होतं. हिशेब केला तर जेवढं भरायचं त्याहून थोडंच जास्त परत मिळणार होतं, तेही प्रत्येक वेळी कागद पाठवून. सोडून दिलं. करासह हप्ता पाच हजारांच्या किंचित खाली बसला, दुसऱ्या वर्षी थोडा वाढला. आयकरात याची सवलत मिळत नाही. ८०डी मध्ये नवरा, मुलं, आईवडील बसतात, ठोंब्या बसत नाही.

आता खरा अनुभव. मे महिन्यात अंगणात रायवळ आंब्यांचा सडा पडतो. ठोंब्याने एक कोय गिळली. आम्हाला कळलं ते दुसऱ्या दिवशी, पाणी प्यायला की उलटी, पोट धरून बसलेला. तालुक्याच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि इथे वेळ घालवू नका म्हणाले. गोव्याला नेलं. एक्स-रे, सोनोग्राफी, रक्त तपासणी, आणि रात्रीच ऑपरेशन. कोय आतड्यात अडकली होती. या जातीला भूल देणं हाच मोठा धोका. ऑपरेशन संपलं तरी पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत घशातली नळी काढत नाहीत, कारण टाळूचा लांबलेला मऊ भाग श्वासाच्या वाटेत येतो. म्हणून भूल वायूने देणारं यंत्र आणि रात्री जागणारा माणूस असलेलाच दवाखाना बघायचा. तसा दवाखाना आमच्या तालुक्यात नाही. मालवणकरांनी गोवा नाहीतर कोल्हापूर, आणि कोल्हापूर म्हटलं की मध्ये घाट आला. पावसाळ्यात घाटात दरड आली तर काय, हे कुठल्याच पॉलिसीत लिहिलेलं नसतं.

बिल झालं ३८,४०० रुपये. कंपनीने त्यातून दाखल होण्याआधीच्या तपासणीचे १,५०० आणि हातमोजे, पॅड, खास अन्न वगैरेचे २,९०० वगळले. उरलेल्या ३४,००० मधून दहा टक्के आपला वाटा. हातात आले ३०,६००. गाडी, लॉजवरचा मुक्काम आणि टाके काढायची फेरी धरून साडेसहा हजार गेले ते आपले. महिना उलटून गेल्यावर पैसे आले. पण आले. पैसे आधी आपण भरायचे आणि मग मागायचे अशीच ही पद्धत असल्याने बिलाएवढी रक्कम त्या रात्री हाताशी लागते, हे लक्षात ठेवा. माणसांच्या इस्पितळासारखं कार्ड दाखवून आत जाणं आमच्या भागात तरी नाही.

त्यानंतर डोळा. पापणीच्या आतली एक ग्रंथी बाहेर येऊन कोपऱ्यात लाल गोळा दिसायला लागतो, त्याला डॉक्टर चेरी आय म्हणतात. डोळ्यातल्या पाण्याचा बराच भाग हीच ग्रंथी तयार करते, म्हणून ती कापून टाकायची नसते, परत आत बसवून शिवायची असते. कापून टाकली तर डोळा पुढे कोरडा पडतो. आमच्या गावातल्या एकाने स्वस्तात "काढून देतो" म्हणून सांगितलं होतं, त्याच्या नादी लागू नका. खर्च चौदा हजार. दावा फेटाळला: जातीत आढळणारा आनुवंशिक दोष. डॉक्टरांनी पत्र लिहून दिलं, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला, विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवरही टाकलं. उत्तर बदललं नाही. मात्र या भांडणातून एक लेखी यादी हातात आली, काय धरतात आणि काय नाही याची, आणि तिची किंमत मला चौदा हजारांपेक्षा जास्त वाटते. अरुंद नाकपुड्या, लांब टाळू, वाकड्या मणक्यांचा त्रास, सरकणारी गुडघ्याची वाटी, सुरकुत्यांमधला दाह, यातलं जवळजवळ सगळं "जन्मजात व आनुवंशिक" या तीन शब्दांत बाहेर जातं. फ्रेंच बुलडॉगमधून हे सगळं वजा केलं तर कान तेवढे उरतात. तेही सुजतात.

म्हणून घेण्याआधी कंपनीला मेल करा, फोनवर विचारू नका. आजारांची नावं एकेक करून लिहा आणि प्रत्येकापुढे हो की नाही एवढंच मागा. मी नूतनीकरणाच्या वेळी साप चावण्याबद्दलही विचारून घेतलं. आमच्याकडे फुरसं म्हणजे कौलावरून, लाकडांच्या ढिगातून, कुठूनही येतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, पण कुत्र्याला किती कुप्या लागतील ते सांगता येत नाही. उत्तर आलं, दाखल करून उपचार केले तर अपघात म्हणून धरू. ते मेल छापून फायलीत लावलंय.

फाईल हा शब्द सहज लिहिला, पण खरी मेहनत तिथेच आहे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातले आमचे डॉक्टर चांगले आहेत. दिवसभर गाई, शेळ्या, कोंबड्या बघून आलेला माणूस ठोंब्याचा पाय धरताना जरा हसतो, पण गोचीड ताप त्यांनी हिरड्यांच्या फिकट रंगावरून पहिल्याच फटक्यात ओळखला आणि रक्त तपासायला लावलं. अडचण एवढीच, की ते चिठ्ठी लिहितात ती अर्ध्या कागदावर. कंपनीला हवा असतो डॉक्टरांचा पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक, शिक्का, तारीख, कुत्र्याचं नाव, कातडीखाली बसवलेल्या चिपचा पंधरा आकडी क्रमांक आणि रकमा वेगवेगळ्या दाखवलेलं बिल. मी आता कोरी पत्रकंच छापून नेते, त्यावर डॉक्टर भरून देतात. पहिल्यांदा म्हणाले, "वहिनी, तुम्ही तर आमचंच ऑफिस काढलंत." लसींचं पुस्तकही तसंच. ज्या रोगाची लस चुकली त्या रोगाचा दावा गेला. रेबीजची तारीख सगळे लक्षात ठेवतात, लेप्टोची विसरतात, आणि भातलावणीच्या दिवसांत चिखलात, उंदरांच्या मुताच्या पाण्यात लेप्टोच आधी येतो. आम्ही ती मे अखेर देऊन घेतो.

आता ज्याला विमा शिवतही नाही तो खर्च. सगळ्यात मोठा म्हणजे वीज. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकून जिभेवरची ओल उडवली की तो थंड होतो. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये हवाच पाण्याने भरलेली असते, ओल उडणार कुठे? त्यात ठोंब्याचं नाक असं. विदर्भातल्या भावाला वाटतं, चौतीस अंशांत काय गरम होतंय. त्याच्याकडच्या बेचाळीसपेक्षा आमचे चौतीस या कुत्र्याला जड जातात की काय असं मला कधी कधी वाटतं. एका खोलीत एसी दुपारभर चालू असतो आणि महावितरणचं बिल त्या महिन्यांत दीड-दोन हजारांनी चढतं. लाइट गेली की इन्व्हर्टरवर पंखा, ओली फरशी, पोटाला आणि पंजांना साधं गार पाणी. बर्फाचं नाही. थर्मामीटर घरात आहेच. कुत्र्याचं नेहमीचं तापमान अडतीस ते एकोणचाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, एकेचाळीसला पोचलं की जिवावरची वेळ. फिरायला पहाटे आणि दिवेलागणीनंतर. किनाऱ्यावर नेतो, पाण्यात सोडत नाही, हा कुत्रा दगडासारखा बुडतो.

पावसाळ्यात कातडी. चार महिने काही म्हणून वाळत नाही, तिथे चेहऱ्याच्या सुरकुत्या कशा वाळणार. आईंनी (माझ्या सासूबाईंनी) प्रेमाने खोबरेल तेल लावलं. डॉक्टर म्हणाले, तेल नको, आत बुरशी वाढते. आता रोज औषधी पुसणीने पुसून लगेच कोरड्या सुती फडक्याने टिपायचं, आठवड्याला औषधी शाम्पू, आणि केस सुकवायचं यंत्र थंड हवेवर. गोचिडांसाठी तीन महिने चालणारी गोळी देतो. महाग वाटली होती, पण एकदा गोचीड ताप निस्तरला की ती स्वस्त वाटते.

वजनाने मात्र सगळ्यात जास्त पैसे वाचले. आला तेव्हा साडेचौदा किलो होता. घरगुती खानावळ असल्याने येणारा-जाणारा तळलेली सुरमई पुढे करायचा. टेबलांवर पाटी लावली, "ठोंब्या पथ्यावर आहे." सकाळी मऊ भाताची पेज आणि उकडलेली कोंबडी, संध्याकाळी मोजून तयार खाणं. तेरा किलोच्या खाली आल्यावर घोरणं निम्म्यावर आलं. नाकपुड्या मोठ्या करून टाळू छाटण्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी सुचवलं होतं, आता म्हणतात थांबू, पुढच्या थंडीत परत बघू. मोठ्या शहरात त्याचा अंदाज चाळीस ते साठ हजारांचा मिळालाय आणि विमा त्यातला छदामही देणार नाही.

तर वर्षाचं गणित आमच्या घरचं असं जमतं. लसी आणि जंताचं औषध साडेतीन हजार, गोचिडाच्या गोळ्या सहा, कातडी आणि कान पाच, तपासण्या तीन, वीज सहा. झाले साडेतेवीस. त्यात हप्ता पाच. आणि आरडी महिना अडीच हजार, म्हणजे वर्षाला तीस. खाणं सोडून महिन्याला पाच हजार धरा. डोळ्याचे चौदा आरडीतून गेले, कोयीचे सुरुवातीला आरडीतूनच भरले आणि विम्याचे आल्यावर परत टाकले. नाकाच्या ऑपरेशनची वेळ आलीच तर पैसे तयार असतील, एवढी शिल्लक आता आहे. आरडी मुदतीआधी मोडली तर व्याज थोडं कमी मिळतं, म्हणून शेवटचे वीस हजार मी साध्या बचत खात्यातच ठेवते, रात्री-अपरात्री फोनवरून पाठवता येतात.

पॉलिसी यंदाही चालू ठेवणार आहे. दोन हप्त्यांचे मिळून दहा हजारांच्या वर गेले, तीस आले, हे खरं असलं तरी ते दरवर्षी होणार नाही आणि होऊही नये. बऱ्याच कंपन्या वय वाढलं की नवीन पॉलिसी देत नाहीत, जुनी चालू असेल तर काही मर्यादेपर्यंत ठेवतात, म्हणून मध्येच खंड पाडायचा नाही. नूतनीकरणाची तारीख मी मुद्दाम आंब्यांच्या आधी येईल अशी जुळवून घेतली आहे. आंब्यांखाली झाडणं हे काम तात्यांनी स्वतःहून घेतलंय. कोयी त्यांच्या गोठ्यामागच्या खड्ड्यात जातात. गावठी कुत्र्यासाठी हीच पॉलिसी घ्यावी का असं दोघा-तिघांनी विचारलं. गावठी कुत्र्यांना जन्मजात दोषांचं कलम फारसं आडवं येत नाही, त्यामुळे उलट तुम्हाला ती माझ्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल. फक्त चिप बसवून घ्या आणि लसींच्या पुस्तकावर प्रत्येक वेळी शिक्का मागा.