साइट माझी, नाव त्याच्या खात्यावर

घराबाहेर पडता न येणाऱ्या माणसाला हेरून वेबसाइट विकणारे लोक आता गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत पोहोचले आहेत. बाळंतीण, अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करणारी सून, अपघातानंतर घरी बसलेला तरुण, ही त्यांची गिऱ्हाइकं. असा माणूस दुकानाच्या पायरीवर येऊन भांडू शकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मणक्याच्या ऑपरेशननंतर माझं अंगणापलीकडे जाणं बंद झालं आणि मीही त्यांच्या यादीत आले. माझ्याशी जे झालं ते तपशिलानं लिहिते आहे, कारण फसवणूक तपशिलातच लपवलेली होती.

मी रायगड जिल्ह्यातली. पावसाळा सुरू झाला की आमच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं, टाकळा, भारंगी, कुर्डू, फोडशी अशा रानभाज्या घेऊन बसतात. कोणती भाजी कशी निवडायची, शेवळं घशाला खाजू नयेत म्हणून काकडं ही आंबट रानफळं किती घालायची, हे मला सासूबाईंनी शिकवलं. ते लिहून ठेवावं, फोटोसकट, म्हणून मला ब्लॉग हवा होता. आणि तो स्वतः मांडायला शिकायचं होतं. दिवसभर पडून राहणाऱ्या माणसाला शिकण्यासारखं काहीतरी हाताशी असणं किती मोठी गोष्ट आहे, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल.

महिलांच्या एका गटात जाहिरात आली: घरबसल्या वेब डिझाइन शिका, स्वतःची वेबसाइट मिळवा, गूगलच्या जाहिरातींतून कमवा. फोन केला. समोरचा माणूस गोड बोलणारा. ताई, तुम्ही फक्त लिहा, बाकी सगळं मी बघतो. शिकवणी आणि साइट मिळून साडेचौदा हजार. त्यात डोमेन, होस्टिंग, एसएसएल, ‘प्रीमियम थीम’ आणि सहा महिन्यांचं शिक्षण. बिल म्हणून व्हॉट्सॲपवर एक चित्र आलं. त्यावर पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही, नुसता लोगो.

या यादीतली एकेक गोष्ट मला पुढे स्वतः शिकताना उलगडली, ती इथेच सांगते. माझी साइट ज्यावर उभी होती ते वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर 2003 पासून आहे आणि ते फुकट आहे, कोणीही उतरवून घ्यावं आणि वापरावं. त्याचा कारभार मराठीतही दिसतो. एसएसएल म्हणजे साइट सुरक्षितपणे उघडण्यासाठी लागणारं प्रमाणपत्र. माझ्या साइटचं प्रमाणपत्र उघडून पाहिलं तर ते लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं निघालं, आणि ती ना-नफा संस्था 2015 पासून अशी प्रमाणपत्रं फुकट देते आहे. खर्च खरा होता तो डोमेनचा, म्हणजे डॉट कॉम नावासाठी वर्षाला साधारण हजार-दीड हजार, आणि होस्टिंगचा, म्हणजे साइट ठेवायला भाड्यानं घेतलेल्या जागेचा. बाकी सगळं फुकटातलं मला विकलं होतं.

शिकवणीचं म्हणाल तर आठवड्याला काही व्हिडिओंच्या लिंक यायच्या. दुसऱ्यांनी यूट्यूबवर फुकट टाकलेले व्हिडिओ, त्यांना यानं फक्त क्रमांक दिले होते. मी काही विचारलं की म्हणायचा, एनीडेस्क चालू करा, म्हणजे दूरच्या माणसाला आपला संगणक चालवू देणारं ॲप. माझ्या स्क्रीनवर त्याचा माउस भराभर फिरायचा, काम व्हायचं, आणि मला काही कळायच्या आत खिडक्या बंद. एनीडेस्कसारख्या ॲपवरून बँक खाती रिकामी होतात असा इशारा रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी 2019 मध्येच दिला होता. माझ्या खात्याला त्यानं हात लावला नाही, पण शिकण्याच्या नावाखाली मला परावलंबी ठेवण्याचं काम त्या माउसनं चोख केलं.

मग मला एक गोष्ट खटकायला लागली. व्हिडिओतल्या बाईंच्या वर्डप्रेसमध्ये डाव्या बाजूला थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, बदलण्याची आणि प्लगिन, म्हणजे साइटला नवी सोय जोडणारे छोटे प्रोग्राम, टाकण्याची अशा पट्ट्या होत्या. माझ्याकडे त्या नव्हत्या. विचारलं तर उत्तर आलं, ताई, त्या तुमच्या प्लॅनमध्ये येत नाहीत. हे धडधडीत खोटं आहे. वर्डप्रेसमध्ये प्रत्येक वापरकर्त्याला एक भूमिका दिलेली असते. ॲडमिनिस्ट्रेटरला सगळे हक्क. एडिटरला लेख लिहिता, बदलता, प्रसिद्ध करता येतात, पण थीम बदलता येत नाही, प्लगिन टाकता येत नाही आणि सगळ्या मजकुराची एकगठ्ठा प्रत, ज्याला एक्स्पोर्ट म्हणतात, तीही काढता येत नाही. पैसे माझे, मजकूर माझा आणि मी माझ्याच साइटची एडिटर. ॲडमिन तो.

फॉन्टची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. माझ्या लेखांची शीर्षकं तुटकी दिसत होती, अक्षराअक्षरात फट, शिरोरेषेचे तुकडे झालेले. तो म्हणाला, फुकटचा मराठी फॉन्ट असाच दिसतो, चांगला हवा तर लायसन्स घ्यावं लागेल, अडीच हजार. दिले. शीर्षकं सुधारली. पुढे मी सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारी भाषा, शिकायला लागले तेव्हा कळलं की इंग्रजी थीममध्ये शीर्षकाच्या अक्षरांमध्ये अंतर ठेवण्याची एक ओळ असते, लेटर-स्पेसिंगची. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांना ते शोभतं. देवनागरीला तेच अंतर दिलं की शिरोरेषा तुटते. ती ओळ शून्य केली की काम झालं. आणि मला विकलेला फॉन्ट होता ‘मुक्त’. मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं तो खुल्या परवान्यावर दिला आहे, गूगल फॉन्ट्सवरून कोणीही घ्यावा. मराठी अक्षरं सगळ्यांना मिळावीत म्हणून ज्यांनी कष्टानं ती घडवली आणि खुली केली, त्यांच्या कामावर हा माणूस अडीच हजारांची पावती फाडत होता.

मी खरं शिकले ते इथून पुढे. मोझिला या संस्थेच्या एमडीएन या साइटवर एचटीएमएल, म्हणजे पानाचा सांगाडा लिहायची भाषा, आणि सीएसएस यांचे पाठ अगदी पहिल्या पायरीपासून आहेत. फ्रीकोडकॅम्प या साइटवर लिहून बघता येतं आणि चुकलं तर लगेच कळतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात संगणकाचे अनेक पाठ मराठी आवाजात आहेत, इंग्रजीची धास्ती असणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी. यातलं काहीच विकत घ्यावं लागत नाही. रोज थोडं, एका कुशीवर झोपून लॅपटॉप तिरका ठेवून, मी शिकत गेले. पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी आहे असं सांगणारी छोटी खूण लिहिली, तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे उमटतात, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

शिकल्यावर मी कंट्रोल आणि यू दाबून माझ्याच साइटचा कच्चा मजकूर उघडला. तळाशी सट्टेबाजीच्या साइटच्या लिंका होत्या. वाचणाऱ्याला दिसू नयेत अशा लपवलेल्या, पण शोधयंत्राला दिसणाऱ्या. ‘प्रीमियम थीम’ म्हणजे कोणाची तरी विकाऊ थीम, परवाना फोडून फुकट वाटलेली. अशा थीमला नल्ड थीम म्हणतात. फोडणारा धर्मादाय करत नसतो, तो आत मागचा दरवाजा आणि अशा लिंका पेरून ठेवतो. रानभाज्यांची माहिती वाचायला आलेल्या माणसांच्या नजरेआड माझ्या पानावर जुगाराचा धंदा चालला होता.

याहून मोठं पुढे आहे. त्यानं माझ्याकडून चार हजार ‘ॲडसेन्स मंजुरी’चे घेतले होते. ॲडसेन्स ही साइटवर जाहिराती लावून तिच्या मालकाला पैसे देणारी गूगलची सेवा. ॲडसेन्ससाठी अर्ज करायला गूगल पैसे घेत नाही, आणि मंजुरीची हमी कोणी मध्यस्थ देऊ शकत नाही. माझ्या लेखांवर जाहिराती मात्र दिसू लागल्या होत्या. कमाई जमायला वेळ लागतो ताई, असं तो सांगायचा. जाहिराती चालवणाऱ्या साइटवर बहुधा ‘ॲड्स डॉट टीएक्सटी’ नावाची एक छोटी फाइल असते. साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ते नाव टाइप केलं की ती कोणालाही उघडता येते. तिच्यात पब या अक्षरांपुढे एक लांब आकडा असतो, तो जाहिरातींचे पैसे ज्याला मिळतात त्याच्या खात्याचा. माझं ॲडसेन्सचं खातंच कधी उघडलेलं नव्हतं. खातं उघडलं असतं तर कमाई दहा डॉलरला पोचल्यावर पत्ता तपासायला गूगलचं पिन क्रमांकाचं पत्र माझ्या घरी आलं असतं. तरी माझ्या फायलीत आकडा होता, आणि मी ओळखीतून त्याच्या आणखी दोन गिऱ्हाइकांच्या साइटवर पाहिलं तर तिथेही तोच आकडा. एक बाई लोकरीचं विणकाम शिकवणाऱ्या, दुसरा मुलगा व्हीलचेअरवरून स्पर्धा परीक्षांच्या नोट्स लिहिणारा. आम्ही तिघं लिहीत होतो आणि पैसे एकाच खात्यात जात होते.

मी ॲडमिनचा हक्क मागितला. त्यानं टाळलं. डोमेन माझ्या नावे करा म्हटलं, तर म्हणाला, साठ दिवसांचा लॉक असतो. हा नियम खरा आहे. डॉट कॉमसारखं नाव नवं घेतलं की पहिले 60 दिवस ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावं नोंदवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे, हलवता येत नाही. पण माझं नाव घेऊन वर्ष होत आलं होतं. खऱ्या नियमाचा तुकडा पुढे करून खोटं बोलणं ही या लोकांची हातोटी आहे. आणि वर्ष भरायच्या तोंडावर निरोप आला: नूतनीकरण आणि देखभाल अठरा हजार, नाहीतर साइट बंद.

डोमेन म्हणजे साइटचा सातबारा समजा. घर तुम्ही बांधलंत, रंग तुम्ही दिलात, पण उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं असेल तर तो तुम्हाला कधीही बाहेर काढू शकतो. माझं डोमेन त्यानं स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या ईमेलनं घेतलं होतं. नाव हलवायला एक संकेत लागतो, ऑथ कोड. डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमानुसार रजिस्ट्रारला तो मागितल्यापासून 5 दिवसांत द्यावा लागतो, पण द्यावा लागतो नोंदणीधारकाला. आणि नोंदणीधारक तोच होता. नावाच्या वादासाठी लवादाची पद्धतही आहे, मात्र तिथे त्या नावावर आपला व्यापारचिन्हासारखा हक्क दाखवावा लागतो. भाज्यांवर लिहिणाऱ्या माझ्यासारखीला तो दाखवता येत नाही.

मी अठरा हजार दिले नाहीत. साइट बंद झाली. काही लेख जुनी वेबपानं साठवून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सापडले, फोटो फोनमध्ये होते, बाकीचं पुन्हा लिहिलं. आता डोमेन माझ्या खात्यावर आहे, माझ्या ईमेलवर आणि माझ्या फोन क्रमांकावर. साइट साधी आहे, पण तिची प्रत्येक ओळ मला कळते.

घरबसल्या तक्रार करता येते, हे मात्र ठळकपणे सांगायला हवं, कारण आपण बाहेर पडणार नाही यावरच यांचा धंदा उभा आहे. पैसे गेल्या गेल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर ते पुढे जायच्या आत अडवण्याची शक्यता असते, म्हणून तो क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. माझ्या बाबतीत महिने उलटले होते. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, फसवणाऱ्याचं दुकान कुठेही असो. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत 2 वर्षांची. तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि सुनावणी व्हिडिओवरून व्हावी असा अर्ज देता येतो. मी तो दिला आहे. यूपीआयच्या नोंदी, त्याचे निरोप, त्या ॲड्स डॉट टीएक्सटीचे स्क्रीनशॉट, सगळं तारखेसकट जोडलं आहे. विणकामवाल्या ताईंनीही तक्रार केली. त्याच्याकडून अजून उत्तर नाही, आणि त्याची जाहिरात नव्या गटांत फिरते आहे. आता तिच्यात ‘एआय वेबसाइट’ असे शब्द आले आहेत आणि गूगलवर पहिल्या क्रमांकाची हमीही. ती हमी कोणीही देऊ शकत नाही, असं गूगलनं स्वतःच लिहून ठेवलेलं आहे.

तुमची साइट आज कोणा दुसऱ्याच्या हातात असेल तर आधी भांडू नका. प्रत्येक लेख उघडून त्याची प्रत स्वतःकडे उतरवून घ्या, फोटो मूळ आकारात बाजूला ठेवा. आयकॅनच्या लुकअप पानावर डोमेन टाकून रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते ते बघा. तिथे मालकाचं नाव आता बहुधा झाकलेलं असतं, त्यामुळे खरी परीक्षा एकच: त्या रजिस्ट्रारकडे तुम्हाला स्वतःच्या ईमेलनं लॉगिन करता येतं का. येत नसेल तर मुदतीच्या दोन-तीन महिने आधी नाव तुमच्या खात्यावर टाकण्याची लेखी मागणी करा, फोनवर नको. आणि उत्तर येवो न येवो, दुसरं नाव तुमच्या खात्यावर घेऊन ठेवा.