किंडल पेपरव्हाइट: तपोवनमध्ये एक नंबर, एसटीत बॅगेतच ठेवा

किंडल पेपरव्हाइट म्हणजे ॲमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र. माझ्याकडं 2018 चं मॉडेल आहे, सेकंडहँड घेतलेलं. 6 इंची स्क्रीन, वजन 182 ग्रॅम, म्हणजे एका हातात धरायचं अन् दुसरा हात शेंगा खायला मोकळा. नांदेडहून मुंबईला जाणारी तपोवन दिवसाची गाडी, खरी टेस्ट तिच्यातच होते. परभणी सुटली की ऊन चढतं, खिडकीतून सरळ अंगावर येतं, मोबाइलचा ब्राइटनेस फुल केला तरी त्यात आपलंच तोंड दिसतं. इथं उलटं, ऊन जेवढं कडक तेवढी अक्षरं ठळक, कारण ई-इंकच्या पडद्यावरची अक्षरं कागदावरच्या शाईसारखी बाहेरच्या उजेडात वाचता येतात. रात्री देवगिरीच्या अप्पर बर्थवर किंडलचा स्वतःचा लाइट पुरतो, खालून कोणी ‘बत्ती बंद करा हो’ म्हणून ओरडत नाही. पुस्तक आधी उतरवून घेतलं की रेंज गेली काय अन् राहिली काय, आणि चार्जिंगच्या पॉइंटसाठी तर भांडायचंच नाही, बॅटरी आरामात कित्येक दिवस जाते.

एसटीत मात्र नाही जमत, मागच्या सीटवर तर ओळच सापडत नाही. तिथं कानात हेडफोन अन् ऑडिओबुक.

मराठीचं म्हणाल तर किंडलच्या ऑनलाइन दुकानात मराठी ई-पुस्तकं 2016 च्या डिसेंबरपासून आहेत, पण एखादं नवीन पुस्तक लोक लई वाखाणतात अन् शोधायला जावं तर ते फक्त छापीलच असतं, हा राग माझा प्रकाशकांवर आहे. ई साहित्य प्रतिष्ठानची फुकट पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, ती मोबाइलवरच वाचा, 6 इंचात पीडीएफचं अख्खं पान आक्रसून मुंगीएवढं होतं, अन् झूम केलं की सरकवता सरकवता मूडच जातो. त्यापेक्षा ईपब नावाच्या फॉरमॅटमधली पुस्तकं घ्यायची, अक्षर पाहिजे तेवढं मोठं करा, ओळी आपोआप जुळतात. लेखक जाऊन 60 वर्षं झाली की कॉपीराइट संपतो, तसली जुनी मराठी पुस्तकं विकिस्रोत ह्या फुकट ऑनलाइन ग्रंथालयात ईपबमध्ये मिळतात अन् 2022 पासून ती ॲमेझॉनच्या सेंड टू किंडल सोयीनं थेट किंडलवर पाठवता येतात, पैसा लागत नाही.

एक गोष्ट खटकते. पेपर घेऊन बसलं की आतलं पान शेजारच्याकडं, पुरवणी समोरच्या मावशीकडं, जालन्यापर्यंत अख्खा पेपर डब्यात फिरून येतो अन् त्यावरून गप्पा सुरू होतात. ह्याचं तसं नाही. मागं शेजारच्या मामांनी विचारलं, ‘काय वाचायलाव एवढं?’ हातात दिलं, त्यांनी दोनदा बोट फिरवलं, ‘ह्याच्यात व्हिडिओ नाही व्हय?’ म्हणून लगेच परत केलं अन् खिशातून मोबाइल काढला, आवाज फुल.

तरी सेकंडहँड मिळत असेल तर घ्याच. फक्त पैसे देण्याआधी जुन्या मालकाचं ॲमेझॉन अकाउंट त्याच्याच हातानं काढून घ्या अन् आपलं टाकून एखादं पुस्तक तिथंच उतरवून बघा.